शांत खोली

तिसऱ्या मजल्यावर, प्रिंटरच्या मागे,
कंपनीनं आमच्यासाठी शांत खोली केली:
दोन बीनबॅग, यंत्रातून वाहणारा ओढा.
आठ महिन्यांत वहीत तीन नावं,
त्यातलं एक माझं,
फोन चार्जिंगला लावायला गेले होते तेव्हाचं.

आज सव्वासात. हॅलिफॅक्सच्या टेकड्या कधीच काळोखात गेल्या,
कुणाच्या तरी जळलेल्या स्वयंपाकघराचा क्लेम
अजून उघडाच.
दार ढकललं तर
डोरीन, सफाईवाली, बूट काढून बसलेली,
मोज्यातून अंगठा बाहेर.
धडपडत उठली. "ही तुमच्यासाठी ना? मी एजन्सीची."
"बस गं," मी चक्क मराठीत म्हणाले,
आणि ती बसली.

ओढा तिनं बंद करून टाकला होता.
"सारखी लघवीला लागते त्यानं."

मी हसले, पोट दुखेपर्यंत,
एक बूट पायात,
एक हातात.