उणे ऐंशीला

आधी लवंगेचा वास.
आपल्याकडे दाढ दुखली की जे तेल,
पुएर्तो मोन्तच्या प्रयोगशाळेत त्याच तेलाने मासे झोपवतात.
सातव्या टाकीतला ट्राउट कलंडतो,
कल्ले मंदावतात, मग विसरतात.
एर्मेलिंदा नाउएल्किन त्याला ओल्या फडक्यावर घेते,
उसवावी शिवण तशी सुरी फिरवते.

काळीज दोन बोटांएवढं.
पहिल्या टाकीतल्यांचं भाजल्या विटेच्या रंगाचं;
त्यांना बारा आठवडे अँचोवीची भुकटी,
म्हणजे माशाला मासाच.
सातवीतल्यांना लुपिनच्या दाण्यांचं पीठ.
यांचं फिकट, दूध जास्त झालेल्या चहासारखं.
द्रव नायट्रोजनात टाकलं की टक्क वाजतं.
नळीवर ती लिहिते: ७-ब, १४.

(आपण यालाच काळीज म्हणत आलो
आणि फाटण्याची, तुटण्याची, धीर धरण्याची
सगळी कामं त्याच्या गळ्यात मारली.
ते बिचारं रस गाळत राहिलं.)

पुढे प्रथिनं जेलवर पसरतात,
निळे ठिपके, कुणी टाक झटकल्यासारखे.
डॉक्टर बारिया दोन चित्रं शेजारी ठेवतो.
हा ठिपका इथे ठसठशीत, तिथे पुसट.
हा तिथे नाहीच.
खाल्ल्या मिठाला जागणं त्याच्या स्पॅनिशात नाही,
तो नुसता म्हणतो, बघ, सगळं लिहून ठेवलंय.

दाण्याच्या पिठात कोलेस्टेरॉल नसतं.
म्हणून सातवीच्या काळजात
ते घडवणारी प्रथिनं वाढलेली,
रात्रपाळीला जुंपलेल्या माणसांसारखी.
जे ताटात आलं नाही
त्याची भट्टी आतच पेटलेली.
आणि वरून मासा?
चकचकीत. वजनात सात ग्रॅमचा फरक.

किती? एर्मेलिंदा विचारते.
सात.
ती पुन्हा विचारते.

चिलोए बेटावर, समुद्र लाल झाला त्या वर्षी
शिंपल्यांत विष होतं आणि होड्या किनाऱ्यावर उलट्या.
पाच पोरं, बटाटे, वाळवलेलं शेवाळ.
आई डोमितिला चुलीपाशी पाठमोरी म्हणायची,
माझं मघाशीच झालं.
वजनही फारसं उतरलं नव्हतं तिचं.
शेजारणी म्हणायच्या, काटक आहे.
कुणी जेलवर पसरून पाहिलं नाही
आत काय काय घडवत होती ती,
कशाकशाशिवाय.

बारिया टेबलावर पेन्सिल आपटतो,
म्हणतो, चला, तिसरी टाकी.
तिसरीत अर्धं पीठ, अर्धी भुकटी;
तिथले निकाल कशातच धड बसत नाहीत.

दुपारी ती नळ्यांचा खोका उणे ऐंशीला ठेवते.
दाराचं रबर गोठून कडक झालंय,
दोनदा खांदा लावावा लागतो.
मग हात धुते, साबणाने, परत साबणाने.
डबा उघडते. बटाटे.
बटाट्यांना लवंगेचा वास येतो.