सहावा आणि सातवा यांच्या मधे

घरात ओजस असतो, दार लावून.
म्हणून दर बुधवारी रात्री नऊला
आम्ही जिन्यात बसतो,
सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे.
भांडुपच्या या इमारतीत रेंज काय ती इथेच.

इअरफोन एक. उजवा कान तिचा, डावा माझा.
वायर आखूड,
म्हणून खांद्याला खांदा.
सामंतकाकू कचऱ्याची पिशवी घेऊन उतरतात.
"मॅच का?"
"हो."
"कोण जिंकतंय?"

पडद्यावर फर्नांडिस मॅडम,
मागे खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल.
विचारतात, राग आला की अंगात कुठे कळतं?
मी म्हणालो, ऑफिसात.
ती म्हणाली, दाढेत.
सोळा वर्षं झाली लग्नाला,
कुठली दाढ, मला माहीत नाही.

मग मॅडम गोठल्या, तोंड अर्धवट उघडं,
चेहऱ्यावर गरगरणारं चक्र.
त्या चक्राकडेच बघत ती म्हणाली,
"ओजसला मारलं ना त्या दिवशी,
पोळी लाटताना अजून
मी त्या हाताकडे बघते."

लिफ्ट रिकामीच वर गेली.

"हॅलो? ऐकू येतंय का?"
"येतंय," मी म्हणालो,
फोनकडे न बघता.

अजून बारा मिनिटं उरली होती.