एकवीस हजार

तलाठ्याच्या दाखल्यावर
आमच्या अख्ख्या गल्लीचं उत्पन्न एकवीस हजार.
पंक्चरवाल्या हमीदचाचांचं एकवीस,
फॉल-पिको करणाऱ्या येल्लूबाईचं एकवीस,
आमचंही.
वर्षाचं. अक्षरी रुपये एकवीस हजार फक्त.

त्या ‘फक्त’वर आई अडली.

जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत
ती सरकी निवडायची, औषध लावलेली, गुलाबी.
घरी आली तरी बोटं गुलाबीच.
मिशनच्या शाळेचा फी-माफीचा फॉर्म तिनं धरला
आणि ‘इतर मार्गाने मिळकत’ या रकान्यात
काही लिहायच्या आधीच अंगठा उमटला.

घर बघायला सिस्टर रोझलिट आल्या,
केरळच्या,
आमच्या मांजरालाही ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या.
येल्लूबाईनं सकाळीच बजावलेलं,
टीव्हीवर चादर टाक,
कूलर आमच्याकडं ठिवून दे.
आईनं उलट तिच्याकडूनच
फुलाफुलांचे दोन कप उसने आणले.

मी कपांकडं बघत राहिले.
आता हेपण मोजतील.

पंखा एकच? सिस्टरनी विचारलं.
एकच. पण कूलर आहे, आई म्हणाली,
हप्त्यावरचा, दोन हप्ते राहिलेत.
आणि हे एकवीस हजार खरं नाही, बाई.
सीझनचे माझे इतके,
ह्यांचे सळयांच्या भट्टीवरचे इतके,
हात भाजला ते तीन महिने वजा.
कोंबड्या लिहा. चार आहेत.
एक अंडी देत नाही.

सिस्टरनी चार लिहिलं.
मग थांबून, खोडून, तीन.

पंधरा दिवसांनी आग्नेलसरांनी खिडकीतून
कागद सरकवला: अर्धी माफ.
हमीदचाचांच्या शबानाला पूर्ण.
बाबा त्या रात्री जेवताना बोलले नाहीत.
हात धुताना म्हणाले,
खरं बोलायची फी, साडेचार हजार. फक्त.
आई तव्यावरची भाकरी उलटत हसली,
किंवा धूर डोळ्यांत गेला असेल.

दर तिमाहीला ती नोटा माझ्या दप्तरात ठेवायची,
कडांना फिकट गुलाबी झालेल्या,
आणि दारापर्यंत येऊन सांगायची:
सरांना म्हण, मोजताना
जिभेला बोट लावू नका,
औषध आहे.

दोनदा मी लाजून सांगितलंच नाही.
तिसऱ्यांदा सांगितलं.
सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
नोटांकडं पाहिलं.

पुढच्या खेपेला खिडकीत
एका बशीत ओला स्पंज होता.