वस्तऱ्याखाली

ब्रिस्टलच्या बंदरामागे, जिथे गल्ली
माशांच्या पाट्यांपासून अंग चोरून वळते,
जोसाया टकेट न्हावी फेस घुसळतो आहे.
खुर्चीत सर अँब्रोज व्हेलाकॉट, नगरशेठ,
गळ्याशी फडकं, डोळे मिटलेले.
गव्हाची तीन कोठारं तुडुंब
आणि पाव मुठीएवढा झालेला, त्या हिवाळ्यातली गोष्ट.

‘एक पेनीला विकतायत, साहेब. लिहिणाऱ्याचं नाव नाही.
कोठारातल्या उंदरांनी मालकाला धाडलेलं आभारपत्र.’
‘वाच.’
‘हात गुंतलेत. पाठच आहे, म्हणतो.’

आणि वस्तरा कानशिलावरून उतरू लागतो:
‘कृपावंत महाराज, आपण दारं लावून घेतलीत
म्हणून माणसांचा उपद्रव थांबला.
आमच्या लेकी गुटगुटीत झाल्या.
सहा पोरांची नावं आपल्यावरून ठेवली आहेत;
सातव्याचं शेपूट जरा आखूड आहे,
आपली हरकत नसेल तर...’

सर अँब्रोज खदखदतात. फेस उडतो.
‘हा तर पेनरोज! हुबेहूब पेनरोज! शेपटासकट!’
‘हसू नका, साहेब,’ टकेट अदबीनं म्हणतो,
‘वस्तरा गळ्याशी आहे.’

आमच्या भाषेत याला शालजोडीतला म्हणतात.
तिकडे शाल नाही; फेस आहे, कोमट पाणी आहे,
आणि ‘साहेब’ म्हणताना किंचित वाकणारी मान.
नुसती शिवी हासडली असती तर शिपाई आले असते.
पण उंदरांवर खटला कोण भरणार?
भरायचा तर आधी चारचौघांत उभं राहून सांगावं लागतं:
ते कोठार माझं.

पाव स्वस्त झाला नाही, हेही सांगायला हवं.
रांगेतल्या हेस्टर पिमला वाचता येत नव्हतं.
कुणीतरी ऐकवलं, आणि रिकाम्या पोटी
ती इतकी हसली की बरगडी धरून पायरीवर बसली.
ते हसू तिनं घरी नेलं.
पावाहून मोठं होतं.

पंधरा दिवसांनी सर अँब्रोज पुन्हा खुर्चीत.
या खेपेला डोळे उघडे.
‘ते पत्र... कुणी लिहिलं म्हणे?’
‘उंदरांनी, साहेब.’
टकेट वस्तरा चामड्यावर परजतो, सावकाश, दोन्ही अंगांनी.
त्याच्या करंगळीला शाई आहे, की काजळी.
बाहेर बग्गीपाशी एक पोरगं ओठ मुडपून उभं,
आणि गल्लीच्या टोकाकडून, अगदी बारीक:
चूं.