फेरी एकशे बावीस

माझं काम मोजायचं.
लाकडी पाटीवर खिळ्यांना टांगलेली तीन घड्याळं,
चाकूनं टोक काढलेल्या पेन्सिली,
थर्मासात चिकोरीची कॉफी.
शनिवारी दुपारी चारला झेंडा पडला, तेव्हापासून
सत्तावीस नंबर, म्हणजे आर्माँ, माझा भाऊ,
दर चार मिनिटं एक्कावन्न सेकंदांनी
माझ्यासमोरून जायचा.
जायचा म्हणजे काय,
आधी जंगलातून आवाज, मग दोन पिवळे दिवे,
मग माझे कागद फडफडायचे, की झालं.
चेहरा कधी दिसला नाही.
चौकोनात आकडा. पुढचा चौकोन.

रात्री आर्देनच्या टेकड्यांवर धुकं उतरलं
तशी मी गाड्या आवाजावरून ओळखू लागले,
आई गोठ्यात गायी ओळखायची तशी,
अंधारात, खोकल्यावरून.

दोन वाजून सतरा मिनिटांनी पेन्सिल उचलली.
चार एक्कावन्न.
पाच.
साडेपाच.
नऊ नंबर आला, चाळीस आला, इटलीची लाल गाडी आली,
सगळे हळू,
मयताच्या दारावरून जावं तसे.
नियम साधा आहे: गाडी आली नाही
तर चौकोन रिकामा सोडायचा,
अंदाजानं भरायचा नाही.

लाउडस्पीकर म्हणाला, सत्तावीसला उशीर होतोय.
मग त्यांनी अकॉर्डियनची रेकॉर्ड लावली.

मागे ट्रकमध्ये उगो झोपला होता, त्याची पाळी तीनला.
उठवायचं कुणी?
एक मेकॅनिक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

शर्यत थांबवली नाही.
थांबवली तर चाळीस हजार माणसं एका रस्त्यावर येतील,
रुग्णवाहिका अडकतील, म्हणाले.
खरं असेल.
मी दुसऱ्यांच्या गाड्या मोजत होते.
हात थांबत नव्हता, त्याची मला अजून लाज वाटते
आणि नाहीही.

साडेतीनला आर्माँ आला. चालत.
जंगलातून, एकाच पायात बूट,
हातात घडीची खुर्ची, कापडी, निळ्या पट्ट्यांची,
गवतात बसून बघायला आणतात तसली.
का आणली, त्याला सांगता येईना.
त्यानं ती माझ्या शेजारी उघडली, नीट, पाय घट्ट रोवून,
आणि स्वतः चिखलात बसला.
"किती?" म्हणाला.
मला वाटलं, फेऱ्या. "एकशे एकवीस," मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
"तसं नाही, गिस्लेन. वळणावर. किती?"

उजाडल्यावर आकडा कळला. अकरा.
खालच्या गावचा पाववाला कोलिन्योन आणि त्याचा मेहुणा,
लिएजहून सायकलवर आलेली तीन पोरं,
बाकीची नावं मी नंतर पाठ केली,
इथे म्हणत नाही.

चारला कुणीतरी जिंकलं.
त्यानं बाटली उघडली नाही, फुलं घेतली,
मग ती कुठे ठेवावी कळेना
तसा हार बॉनेटवर टाकून निघून गेला.
महासंघाचा माणूस तक्ता न्यायला आला.
रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं: इथे काय?
मी म्हटलं, इथे घड्याळ चालूच होतं.
ते मी कधी थांबवलं नाही, किल्ली संपून आपणच थांबलं.
त्याची छोटी तबकडी तीसच मिनिटांची,
फिरून फिरून शून्यावर येणारी,
म्हणून ती फेरी किती वेळाची, सांगता येत नाही.

वसंतात आर्माँ ती खुर्ची घेऊन गावात दारोदार गेला.
कुणी ओळखली नाही.
किंवा ओळखली आणि घेतली नाही.
एका म्हातारीनं मात्र त्याला अंगणात बोलावलं,
म्हणाली, आणलीच आहेस तर बस,
आणि समोर शेंगांची टोपली ठेवली.
दुपारभर तो सोलत बसला.

घरी येऊन म्हणाला,
फार खाली असते गं ती खुर्ची.
बसलं की समोर गवतच दिसतं.
रस्ता दिसत नाही.