नोंदवही सोपवताना

मेल्विटा, आधी दाराचं सांगते.
ते थोडं उचलायचं, मग ढकलायचं.
जूनमध्ये लाकूड फुगतं, दिवाळीनंतर शुद्धीवर येतं.
जिमखान्यामागची ही खोली, मोडक्या टेबल टेनिसच्या टेबलासकट,
विद्यार्थी न्यायमंडळाची.
पाटी नाही. पाटीसाठीचा अर्ज मीच केला होता,
तो आपल्याच नोंदवहीत प्रलंबित आहे.

अर्ज घ्यायचे सोमवार ते गुरुवार, साडेचारपर्यंत.
प्रती तीन. एक मंडळाला,
एक ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला,
एक शिक्का मारून अर्जदाराच्या हातात परत.
ती तिसरी विसरू नकोस.
माणूस इथून रिकाम्या हाताने गेला
की त्याला वाटतं, आपण काही बोललोच नाही.

भाषा कुठलीही चालते.
रोमीतली कोकणी तू वाचायचीस, देवनागरीतली मी.
आता दोन्ही तुझ्याच.
'ती मुलं नेहमीच असं करतात' असं कोणी लिहून आणलं
तर परत पाठव: कोण मुलं, कुठला दिवस, किती वाजता.
राग मात्र खोडू नकोस.
त्याला फक्त तारीख घालायला सांग.

पुराव्यांना अ, आ, इ.
इच्या पुढे सहसा कोणी जात नाही.
कॅन्टीनच्या खटल्यात तेवढे ऊपर्यंत पोचलो होतो;
ऊ म्हणजे एक पाव, पिशवीत, बुरशीसकट.
सुनावणीआधीच तो मुंग्यांनी नेला.
तशी नोंद आहे.

स्टॅम्पपॅड सुकलंय. दोन थेंब पाणी घाल, तीन नको.

आणि खालच्या खणात एक कागद आहे.
त्याला क्रमांक नाही.

प्रजोत वेळीप, दुसरं वर्ष, वाणिज्य.
वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीचा त्याचा फॉर्म
समितीने फेटाळला, अकरा मिनिटं उशीर म्हणून.
नेत्रावळीची बस रिवणला बंद पडली होती.
एवढंच लिहिलंय त्यात, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने,
एकच प्रत.

मी म्हटलं, तीन लागतात.
दुपारचे अडीच वाजले होते.
केप्यात झेरॉक्सवाला जेवून झोपून चारला शटर उघडतो
आणि त्याची परतीची बस तीन पन्नासची,
हे मला माहीत होतं. मी केप्याचीच ना.
शेजारच्या ऑफिसात मशीन होतं, हेही.
तो म्हणाला, "बरें. फाल्यां येतां."
कागद टेबलावर ठेवून गेला.
फाल्यां आला नाही. नंतर कॉलेजलाच आला नाही.

नियम नऊ, पोटनियम दोन. मी चुकले नव्हते.
हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, मेल्विटा,
की त्याचाही रबरी शिक्का करून घेता येईल.

मार्चमध्ये तिळामळच्या पंपावर स्कूटर थांबवली.
तोच होता. हातात नोझल, टोपी उलटी.
"झिरो पळय," म्हणाला, सगळ्यांना म्हणतात तसं.
दोनशेचं भरलं.
मग न मागता पावती फाडून माझ्यापुढे धरली:
तारीख, वेळ, सेकंदसुद्धा.
"तुमकां कागद लागता न्हय?"
हसला की नाही, कळलं नाही,
हेल्मेटची काच धुळीने भरली होती
आणि मागचा टिप्परवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

ती पावती त्याच खणात ठेवलीय, त्याच्या अर्जापाशी.
टाचलेली नाही.
मुदत केव्हाच संपली. निवडून आलेला प्रतिनिधीही
पदवी घेऊन बाहेर पडला.
तू क्रमांक दिलास तर तो खटला होईल
आणि प्रतिवादी म्हणून कोणाचं नाव लिहायचं
हे तुला विचारावं लागणार नाही.

दे किंवा नको देऊस. नोंदवही आता तुझी.
दिलास तर माझी प्रत पोस्टाने पाठव.
पत्ता शेवटच्या पानावर लिहिलाय,
पेन्सिलीने आहे, पण वाचता येतो.