एलेउतेरिओचा वस्तरा

पुन्ता अरेनासला वारा असा, की
रस्त्याकडेला दोर बांधलेले, धरून चालायला.
त्या दोराला धरून तो यायचा संध्याकाळी सहाला,
पेटी काखेत,
उद्याच्या ऑपरेशनांची यादी तोंडपाठ.

पोट, मांडी, कधी डोकं.
आधी फेस, मग चामडी पट्ट्यावर वस्तऱ्याची ती चट् चट्.
घाबरलेल्या माणसाला त्या आवाजानेच झोप लागे.
“स्वच्छ म्हणजे तुळतुळीत,” म्हणायचा.
त्याचा बाप हेच म्हणायचा, याच वॉर्डात.
मीही म्हणत आले, एकोणीस वर्षं.

एका हिवाळ्यात तो सामुद्रधुनीपलीकडे
बहिणीकडे गेला आणि पाय मोडून तिथेच पडला.
डॉक्टर बाराओना चिडले:
“असली केसाळ पोटं कापू मी?”
कापली. काय करतात.

पू आलेल्या जखमेपुढे मी वहीत लाल फुली मारायचे.
फुल्या मोजायच्याही असतात, हे कुणी शिकवलं नव्हतं.
सात आठवडे, दोन फुल्या.
मागची पानं उलटली. तेवढेच आठवडे, तेवढीच पोटं.
अकरा.
दिवा जवळ ओढून पुन्हा मोजल्या.
अकराच.

योगायोग असेल, म्हटलं. असावा, असंही वाटलं.
तो परतल्यावर वर्षभर
सम तारखांना वस्तरा,
विषम तारखांना नुसती कात्री, तीही अडलं तरच.
शेवटी आकड्यांनी त्याची बिनपाण्याने केली.

वही त्यानेच मागितली. बोट एका फुलीवर थांबलं.
“हा गॅयार्दो? खेकडेवाला?”
“हो.”
“रक्ताचा एक थेंब नव्हता गं.”
मी भिंग दिलं. त्याने स्वतःच्याच हातावर
एक पट्टी साफ केली, नेहमीच्या हलक्या हाताने,
आणि भिंगातून बघत राहिला
बारीक बारीक चिरा.
बराच वेळ.

आता तो घरी निघालेल्यांची दाढी करतो.
पैसे कमी मिळतात. आवाज तोच.

काल माझ्या गाऊनच्या आत टाचलेलं
देवमातेचं पितळी पदक त्याला दिसलं.
ते घातल्याशिवाय मी थिएटरात पाऊल टाकत नाही,
हे त्याला ठाऊक आहे.
ब्रश खळबळत, वर न बघता म्हणाला,
“ओंदिना, हे कधी मोजलंस?”

नवी वही आणली आहे.
पहिल्या पानावर तारीख घातली.
पदक अजून काढलेलं नाही.